चारातल्या दोन गोळ्या

हर्सूलला तळ्याच्या बाजूनं आत शिरलं की पिठाच्या गिरणीला लागून जे मेडिकल आहे ते माझं. पाटीवर माझ्या आईचं नाव आहे, सगीरा मेडिकल, पण त्या नावानं आजवर कोणी हाक मारली नाही. सगळे फारूखभाईचं मेडिकल म्हणतात. तेवीस वर्षं मी त्या काउंटरमागं उभा आहे आणि औषधापेक्षा बडबड जास्त देतो अशी माझी ख्याती आहे. ती खोटी नाही. लोकच तसे आहेत. बीपीची गोळी बरं वाटलं की बंद, शुगरची गोळी लग्नाची पंगत उठली की डबल, आणि अँटिबायोटिकचा कोर्स पाच दिवसांचा सांगितला की दुसऱ्या दिवशी उरलेल्या तीन दिवसांच्या गोळ्या परत घ्या म्हणून दारात हजर. अशा लोकांशी तेवीस वर्षं बोलून माझा आवाज चढाच राहिला आहे.

कडुबा औताडे एकटा त्यातून सुटलेला होता. दर महिन्याच्या पाच तारखेला, सकाळी साडेनऊला, खाकी शर्टाच्या खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढून तो काउंटरवर ठेवायचा. रोजच्या चार गोळ्या, सकाळी दोन, संध्याकाळी दोन, महिन्याच्या बारा पट्ट्या. एक पट्टी कमी नाही, एक दिवस उशीर नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकांना झापताना मी त्याचं उदाहरण द्यायचो. म्हणायचो, त्या लाइनमनकडे बघा, शिकला सातवी, पण औषध कसं घ्यावं ते त्याच्याकडून शिका. तो ते ऐकून चिठ्ठीकडे बघत राहायचा. मला वाटायचं, लाजतो आहे.

लाइनमन म्हणजे नळाच्या पाण्याचा. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं एक माणूस कामाला जात नाही. कोणत्या गल्लीला किती वेळ, हे वरून ठरून येतं, पण रस्त्यातल्या खड्ड्यात उतरून लोखंडी चावीनं व्हॉल्व्ह फिरवायचा तो कडुबा. त्यामुळं हर्सूलमध्ये नगरसेवकाला जितके नमस्कार होत नसतील तितके कडुबाला होत. तो मात्र नमस्कार घ्यायला थांबत नसे. तो कायम घाईत असे. त्या घाईचं कारण मला ठाऊक होतं, गावाला नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी त्याला संडासवाटे रक्त पडायला लागलं. घरच्यांनी आणि त्यानं स्वतः ते मूळव्याध समजून आठ महिने एका वैदूच्या पुड्या खाल्ल्या. माणूस निम्मा झाल्यावर शहरात पोटाच्या डॉक्टरकडे नेला. दुर्बीण घातली तर मोठ्या आतड्याला आतून जखमाच जखमा. डॉक्टर त्याला कोलायटिस म्हणतात. हा आजार मुळातून जात नाही, औषधानं तो शांत राहतो एवढंच. त्या दिवसांत कडुबा दिवसातून पंधरा वेळा जायचा. आपल्या लाइनवर कुठल्या बिल्डिंगच्या खाली संडास आहे, कुठला वॉचमन कटकट करत नाही, कुठल्या मशिदीच्या मागचं दार उघडं असतं, हे सगळं त्याच्या डोक्यात पक्कं झालं होतं. पाणी सोडायला कोणाच्याही दारात हक्कानं जाणारा माणूस, पण संडास वापरू का असं विचारताना त्याची मान खाली जायची. हे त्यानंच मला सांगितलं, एकदा, गिऱ्हाईक नसताना.

औषधानं तो वर्षभरात सावरला. मग त्यानं सगळे करतात तेच केलं. चार महिने काही त्रास नाही, मग गोळ्या कशाला, असं म्हणून दसऱ्याला बंद केल्या. दिवाळीत रक्ताच्या तीन बाटल्या चढवाव्या लागल्या. स्टेरॉइडनं तोंड असं सुजलं की त्याची धाकटी बहीण भाऊबीजेला आली आणि दारातच थबकली. त्यातून उठल्यावर तो मला म्हणाला होता, "फारूखभाई, आता ह्या गोळीला मी कदी नाय म्हणणार नाय." आणि त्यानंतर पाच तारीख चुकली नाही.

हे सगळं सांगायचं कारण, यंदाच्या जानेवारीत डॉक्टरनं त्याच्या गोळ्या कमी केल्या.

कमी केल्या त्या विचार करूनच. दुर्बीण झाली, आतडं स्वच्छ. आतड्याला सूज आहे का ते सांगणारी संडासची एक तपासणी असते, तीही चांगली. डॉक्टर म्हणाले, "औताडे, पाच-सहा वर्षं आजार गप्प बसलाय. कायम पूर्ण डोस ठेवायची गरज दिसत नाही. चारच्या दोन करू. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. मधे रक्त दिसलं तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं." हे सगळं मला त्याच्या बायकोनं, सरूबाईनं सांगितलं. ती पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात आली होती. बारा वर्षांत पहिल्यांदा मी त्या बाईला मोकळं हसताना पाहिलं. तिच्यामागं कडुबा उभा होता आणि त्याचं तोंड मयताहून आल्यासारखं होतं.

सरूबाई पुढं गेली तसा तो काउंटरवर वाकला.

"जुन्या चिठ्ठीवर चार देता येतील का?"

मी हसलो. म्हटलं, "अरे, सगळी दुनिया गोळ्या कमी करा म्हणून डॉक्टरच्या पाया पडते. तू वाढवून मागतो?"

"देता येतील का ते सांगा."

"नाही येत. नवीन चिठ्ठी झाली की जुनी संपली."

संध्याकाळी तो पुन्हा आला आणि पुन्हा तेच. मला चीड आली. विचारलं, भीती वाटते का, परत उलटेल म्हणून? तो म्हणाला, "व्हय. भीतीच." मग मी त्याला चांगलं पंधरा मिनिटं ऐकवलं. औषध लागेल तेवढंच घ्यावं, फुकट जास्त घेण्यात शहाणपण नाही, डॉक्टर शिकलेला आहे, तू नाही. तो सगळं ऐकून सहा पट्ट्या घेऊन गेला. त्या भाषणाची मला आज लाज वाटते.

फेब्रुवारीत त्यानं सहा पट्ट्या नेल्या. मार्चमध्येही नेल्या, पण त्याच्या कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं मला दिसलं. एप्रिल लागताच ऊन असं तापलं की पाण्याच्या दिवशी गल्लीगल्लीत भांडणं व्हायला लागली आणि कडुबाची ड्युटी दुप्पट झाली. एक दिवस दुपारच्या आत त्यानं माझ्या दुकानामागचा संडास दोनदा वापरला. मी विचारलं तर म्हणाला, उन्हाचं आहे. तीन महिन्यांच्या तपासणीला गेलास का, तर म्हणाला, जातो. रक्त दिसतं का, तर म्हणाला, नाही. मी बाकी सगळ्यांचं खोटं तोंडावर धरतो. त्याचं धरलं नाही, कारण तो माझ्या डोक्यात खरं बोलणाऱ्यांच्या रांगेत बसलेला होता.

त्याच आठवड्यात तो व्हॉल्व्हच्या खड्ड्यात बसला तो उठलाच नाही. एका गल्लीचा व्हॉल्व्ह उघडला होता, बंद करायची ताकद राहिली नव्हती. पोरांनी मला बोलावलं, आम्ही त्याला रिक्षात घातला, आणि खड्ड्यातली चावी कोणाला सुचलीच नाही. ती गल्ली संध्याकाळपर्यंत पाणी भरत होती. तिथल्या बाया अजून त्या दिवसाची आठवण काढतात.

दवाखान्यात त्याला सलाइन लावलं, स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू झाली. हिमोग्लोबिन सातवर आलेलं. डॉक्टर वैतागले होते, पण त्याच्यावर नाही, स्वतःवर. म्हणाले, "काही पेशंटना डोस कमी केलेला सोसत नाही. ह्यांना नाही सोसला. पुन्हा चार सुरू करू." आणि फाईलवर तसं लिहिलं. मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. चार हा आकडा ऐकून कडुबाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. त्या अवस्थेत, सुई टोचलेल्या हातानं, तो सुटल्यासारखा हसला. मला तेव्हाही कळलं नाही. अशक्तपणात माणूस कशालाही हसतो असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरूबाई भाकरी आणायला घरी गेली होती. कडुबानं मला जवळ बोलावलं आणि उशीखालून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. आत चार गोळ्या होत्या.

"कालच्या दोन आन आजच्या दोन," तो म्हणाला. "पाच तारीख गेली. तुमी एवढ्या मोनिकाला पोचवा. वैजापूरच्या गाडीत कंडक्टर वळखीचा हाय. शेवयाच्या डब्यात खाली ठिवायच्या, वर कागूद."

मोनिका ही त्याची मुलगी, एकुलती एक. चार वर्षांपूर्वी वैजापूरला दिली. नवरा गोकुळ, कांद्याच्या आडतीवर कामाला. मी तिच्या लग्नात जेवलो होतो. ह्या गोळ्यांशी तिचा काय संबंध ते मला समजेना, आणि समजायला लागलं तसा मी शेजारच्या स्टुलावर बसलो.

त्यानं सांगितलं ते असं. लग्नाच्या दोन वर्षं आधी मोनिकालाही रक्त पडायला लागलं. कडुबानं ते लगेच ओळखलं. इथं कोणाला कळू नये म्हणून तिला नाशिकला नेलं, दुर्बीण केली, तोच आजार निघाला, पण हलका. रोजच्या दोन गोळ्या लिहून दिल्या. मग स्थळ आलं. चांगलं होतं. पोरीला आतड्याचा जन्माचा आजार आहे असं कोणता बाप सांगेल. तिची फाईल त्यानं ट्रंकेत टाकली, कुलूप लावलं आणि लग्न लावून दिलं. वैजापूरला दोन मेडिकलं, दोन्ही तिच्या सासऱ्यांच्या उठण्याबसण्यातली. तिथं ती चिठ्ठी दाखवली तर संध्याकाळपर्यंत घरी पोचणार. आणि माझ्याकडे यावं तर मी बडबड्या.

"मंग म्या माझ्यातल्याच दोन तिला द्यायला लागलो," तो म्हणाला. "सरूला वाटतं जास्तीच्या घेतो. पोरीलाबी तेच वाटतं."

"चार वर्षं?"

"व्हय."

"म्हणजे तू चार वर्षं दोनच खातो?"

"दोनच. काय झालं नाय मला. लाइनवर तेच करतो की. एका गल्लीचं जरा कापायचं, दुसरीला द्यायचं. दोन्हीकडं भागतं."

"आणि डॉक्टरनं चारच्या दोन केल्या तेव्हा?"

तो छताकडे बघत राहिला. डॉक्टरनं लिहिलेल्या दोन त्यानं पोरीला दिल्या आणि स्वतः तीन महिने काहीच खाल्लं नाही.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. नर्स आत आली होती एवढं सांगतो. ती गेल्यावर मी आवाज खाली घेऊन म्हटलं, आता पुरे झालं, जावयाला सांगून टाक. पोर आजारी आहे, चोर नाही.

"फारूखभाई, पयल्या दिवशी सांगितलं आसतं तर आजाराचा राग आला आसता. चार वर्सांनी सांगितलं तर लपवल्याचा येईल. आन त्यो माझ्यावर निघणार नाय, तिच्यावर निघंल." एवढं बोलून त्याला धाप लागली. मग तो म्हणाला, "लई थकलो. पर दोन गोळ्या तर निघतात ना अजून."

माझ्या हातात ती पुरचुंडी होती. मी ती घेऊन बाहेर आलो आणि जिन्यात उभा राहिलो. इतकी वर्षं मी ह्या माणसाचं उदाहरण देत होतो. महिन्याच्या बारा पट्ट्या मी स्वतःच्या हातानं मोजून दिल्या, पण त्या कोणाच्या पोटात जातात हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. मला त्याचा राग आला होता, पण त्याच्यापेक्षा जास्त दमल्यासारखं झालं होतं. उद्या सकाळी तो पुन्हा दोन काढून ठेवणार, परवा पुन्हा. आतडं फुटेपर्यंत ठेवणार. हे थांबवायचं तर कोणाला तरी तोंड उघडावं लागणार होतं.

सकाळी मी आधी डॉक्टरला गाठलं. सगळं सांगितलं. ते तरुण आहेत, जरा ताठ आहेत, पण ऐकता ऐकता त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे मी चारच्या दोन केल्याच नाहीत," ते म्हणाले. "दोनच्या शून्य केल्या."

मग त्यांनी फाईल उघडून डोस सोसला नाही ही परवाची ओळ खोडली. म्हणाले, तपासण्या खोट्या नव्हत्या. हा माणूस दोन गोळ्यांवर खरंच चांगला होता. त्यानं एक शब्द खरा सांगितला असता तर औषध तेवढंच ठेवून सगळं नीट चाललं असतं. आता आजार उठलाय, तो बसेपर्यंत पूर्ण चार, आणि पुढची वर्ष-दोन वर्षं कमी करायचा विषयही काढायचा नाही. त्यानंतर आधीसारखा दोनवर राहील का, ते आज कोणी सांगू शकत नाही. "आणि मुलीला आणा," ते म्हणाले. "चार वर्षं तपासणी नाही, नुसत्या डब्यातल्या गोळ्या. हे भयंकर आहे."

दुपारी मोनिका आणि गोकुळ आले. सरूबाईनं फोन केला होता. मोनिका आत बापाजवळ गेली आणि गोकुळ बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसला. सावळा, अबोल पोरगा. कपड्याला कांद्याचा वास. येताना फळांची पिशवी आणली होती ती मांडीवर घेऊन बसला. मी मनाशी ठरवलं होतं की कडुबाला काय वाटेल ते वाटो, बोलून टाकायचं. पोरीचा संसार मोडला तर त्याचं पाप माझ्या डोक्यावर, पण आत एक माणूस आपल्या वाट्याचं औषध उशीखाली दडवतो आहे आणि मी मेडिकलवाला आहे. सुरुवात कशी करावी ते सुचेना. शेवटी खिशातली पुरचुंडी काढून त्याच्यापुढं धरली.

"ह्या गोळ्या वळखता का?"

त्यानं बघितलं. गोळीला हात लावला नाही.

"मोनिकाच्या," तो म्हणाला.

तो हळू आवाजात बोलायला लागला. लग्नाला दोन महिने झाले आणि मोनिकानंच त्याला सांगितलं. एक दिवस तो लवकर घरी आला तर ती रडत बसलेली, तेव्हा. त्यालाही राग आला होता, आठ दिवस बोलला नाही. मग स्वतःच तिला नाशिकला घेऊन गेला, त्याच डॉक्टरकडे नवीन फाईल केली. तेव्हापासून सहा महिन्यांनी तपासणी होते, औषध तिथूनच येतं. आई-वडिलांना सांगितलेलं नाही, पण त्याला सगळं ठाऊक आहे.

"मग सासऱ्यांना सांगितलं काहून नाही?"

"कसं सांगावं, काका? तात्या डबा घेऊन यायचे. दारात आले की माझ्याकडं बघायचे नाय. मी म्हणलो आसतो, मला म्हाईत हाय, तर त्यांची मान कायमची खाली गेली आसती. मोनिका म्हणली, राहू दे, त्यांचा मान राहू दे. म्हणून डबा आला की घ्यायचो."

"आणि गोळ्या?"

"कपाटात हायेत. समद्या. एक बी पट्टी फोडली नाय." मग म्हणाला, "आम्हाला वाटायचं, तुमच्या दुकानातून जास्तीच्या घेतात."

मी त्याला सांगितलं. जास्तीच्या नव्हत्या, स्वतःच्यातल्या होत्या. आणि गेले तीन महिने स्वतःला एकही ठेवली नव्हती. फळांची पिशवी त्याच्या मांडीवरून खाली सरकली, ती त्यानं उचलली नाही. मोनिका दाराशी येऊन उभी होती. तिनं किती ऐकलं ते मला माहीत नाही, पण ती भिंतीला टेकली आणि तशीच खाली बसली. रडली नाही. नुसती म्हणत राहिली, "म्या खायला पाहिजे होत्या. म्या त्याच खायला पाहिजे होत्या." त्यात काय अर्थ होता. तिनं त्या खाल्ल्या असत्या तरी बापाच्या पोटात त्या गेल्या नसत्या. पण मी तिला समजावलं नाही. मला त्या दोघांचाही राग आला होता. इतकं चांगलं वागून कोणी कोणाचा जीव घेतो का? एकमेकांचा मान राखत ही माणसं चार वर्षं समोरासमोर बसली, शेवया खाल्ल्या, आणि खरं कोणी बोललं नाही.

आता आत जाऊन हे कोणीतरी सांगायला हवं होतं. गोकुळ म्हणाला, माझ्यानं होणार नाही, मी त्यांच्यापुढं उभा राहून कसं म्हणू की मला चार वर्षं माहीत होतं. मोनिका तर उठायलाच तयार नव्हती. सरूबाईला अजून अर्धी गोष्टही ठाऊक नव्हती. राहिलो मी. नको तिथं बोलतो म्हणून ज्याच्यापासून हे सगळं लपवलं, त्याच्याच गळ्यात शेवटी सांगायचं काम आलं. न सांगावं तर तो दोन गोळ्या काढत राहणार. सांगावं तर चार वर्षांचं त्याचं सगळं करणं मातीमोल होणार. कॉटपर्यंत जाताना मला वाटलं, आपण आज दुकान उघडायला पाहिजे होतं.

चहाची वेळ होती. मी स्टूल ओढलं, त्याच्या कानाजवळ बसलो आणि एका दमात सांगितलं. मोनिकाचं औषध नाशिकहून येतं. गोकुळरावाला पहिल्यापासून ठाऊक आहे. तो तिला नीट सांभाळतो. तुझ्या गोळ्या कपाटात आहेत.

सलाइनचे थेंब पडत होते, त्याकडे तो बघत होता.

"पोरगी बरी हाय?"

"बरी आहे. मागच्या महिन्यात तपासणी झाली. काही नाही."

"त्याला म्हाईत व्हतं?"

"हो."

"मी डबा द्यायचो तवाबी?"

"तेव्हाही."

"त्यो दर टायमाला स्टँडवर सोडायला यायचा," कडुबा म्हणाला. "गाडी हालंपर्यंत थांबायचा. मी खिडकीतून दुसरीकडं बघायचो. मला वाटायचं, ह्या लेकराला आपण फशिवतोय."

मग त्यानं तोंड भिंतीकडे केलं आणि खांदे हलायला लागले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हाड हाड लागत होतं. बाहेरून मोनिकाचा आवाज येत होता, गोकुळ तिला काहीतरी समजावत होता. कडुबानं ते ऐकलं असावं, पण आत बोलवा म्हणाला नाही. त्याला आता कोणाच्याही तोंडाकडे बघण्याची ताकद नव्हती, आणि मलाही त्याला काही ऐकवायची इच्छा उरली नव्हती.

नर्स संध्याकाळच्या दोन गोळ्या वाटीत ठेवून गेली. सकाळच्या दोन उशीखालीच होत्या. त्या मी काढल्या आणि वाटीत टाकल्या. उशिरा घेतल्या तरी चालतात, मी म्हटलं, डॉक्टरला विचारून आलोय. तो कुशीवरून वळला, उठून बसायला मी हात दिला. वाटी मांडीवर घेऊन तो तिच्यात बघत राहिला.

"मंग आता ह्या चारी माझ्याच?"

"तुझ्याच," मी म्हटलं.

त्यानं एक उचलली आणि पाणी मागितलं.